वाचकांचे प्रश्न : देवापुढे गाऱ्हाणं मांडताना

एकटेपणाच्या काळातल्या प्रार्थनेबद्दल बरीच पत्रं आली आहेत. त्यांना या वेळी एकत्र उत्तरं देत आहोत. पत्रं थोडक्यात घेतली आहेत आणि लिहिणाऱ्याची ओळख पटेल असा तपशील काढला आहे. पवित्र शास्त्रातले, म्हणजे बायबलमधले, संदर्भ दिले आहेत, ते पुस्तक उघडून स्वतः वाचावेत. सारांशात त्या शब्दांची धग राहत नाही.

प्रश्न : पती गेल्यापासून मी घरात एकटीच असते. रोज सकाळी प्रार्थनेला बसते, पण 'देवबापा, तू चांगला आहेस, तुझे आभार मानते' याच्यापुढे गाडी जात नाही. म्हणताना शब्द पोकळ वाटतात. खरं ते सांगावं म्हटलं तर कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही.

उत्तर : तुमचे आभाराचे शब्द खोटे नाहीत. ते फक्त वेळेआधी येत आहेत. आत साचलेलं आधी बाहेर यावं लागतं, मगच आभाराला जागा होते.

स्तोत्रसंहितेत, म्हणजे बायबलमधल्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकात, १५० स्तोत्रं आहेत आणि त्यातली साधारण एकतृतीयांश विलापाची आहेत. ही काही कोणाची लपवून ठेवलेली रोजनिशी नव्हती. देवाच्या लोकांनी ती जपली, गायली, मुलाबाळांना शिकवली. आपल्या भाषेतही अशा प्रार्थनेला किती शब्द आहेत बघा: करुणा भाकणं, धावा करणं, आळवणं, साकडं घालणं, गाऱ्हाणं मांडणं. यातला 'गाऱ्हाणं' हा शब्द आम्हाला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण गाऱ्हाणं कोणापुढेही मांडत नाहीत. जो ऐकून घेईल आणि ज्याच्या हातात काही करणं आहे, त्याच्यापुढेच मांडतात. तुम्ही देवापुढे तक्रार घेऊन बसलात म्हणजे विश्वास तिथेच आला.

सुरुवातीला आधार म्हणून स्तोत्र १३ घ्या. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत 'किती काळ?' हा प्रश्न चार वेळा येतो, तिसऱ्या-चौथ्या वचनात मागणं आहे आणि शेवटच्या दोनांत विश्वासाचे शब्द. हाच क्रम ठेवून १५ मिनिटं बसा. आवाज अगदी हळू असला तरी चालेल, पण बोला. मनातल्या मनात वाक्य अर्धं राहतं आणि विचार दुसरीकडे घसरतो. तोंडाने बोलताना वाक्य पुरं करावं लागतं.

पहिलं मिनिटभर फक्त हाक. रोज ज्या नावाने देवाला हाक मारता तीच, नवीन काही शोधू नका. त्यानंतरची सात-आठ मिनिटं तक्रारीला द्या, आणि इथेच बहुतेकांचं अडतं. 'मी फार एकटी आहे' हे वाक्य इतकं मोठं आहे की त्यात काहीच हाताला लागत नाही. त्याऐवजी काय घडलं ते सांगा. 'काल संध्याकाळी सहापासून आज सकाळपर्यंत माझ्याशी कोणी एक शब्द बोललेलं नाही.' 'दाराशी पावलं वाजली की अजून त्यांचीच वाटतात.' 'त्यांचा चष्मा कुठे ठेवावा ते मला ठरवता येत नाही.' एक प्रसंग, एक वाक्य. मग त्या प्रसंगाला भावनेचं नाव द्या. एकटेपणा म्हणून आपण जे सांगतो त्याच्या आत बरंच काही दडलेलं असतं: विसरले गेल्याचं दुःख, पुढची भीती, ज्यांच्या घरात दोघं आहेत त्यांचा हेवा, गेलेल्या माणसावरचाच राग. दीर्घ आजारपण काढल्यानंतर कधीकधी सुटल्यासारखंही वाटतं आणि मग त्याची लाज वाटते. तेही सांगायचं. ते देवाला आधीच ठाऊक आहे, अडखळत असतो तो आपला आपल्याशीच.

पुढची तीन-चार मिनिटं मागण्यासाठी. मागणंही नेमकं असावं. 'मला शांती दे' म्हणायला हरकत नाही, पण त्याच्या जोडीला आजच्या दिवसापुरतं काहीतरी मागा: 'आज दुपारी बहिणीला फोन करण्याइतकी उभारी दे.' उरलेल्या वेळात विश्वासाचं एकच वाक्य, तेही आज मनापासून म्हणता येईल असं. 'तू ऐकतोस' इतकंच खरं वाटत असेल तर तेवढंच म्हणा. तेही वाटत नसेल तर 'तू ऐकतोस का ते मला कळत नाही, तरी मी बसले आहे' असं म्हणून उठा.

एका शब्दावर मात्र लक्ष ठेवा, तो म्हणजे 'पण'. 'मला फार वाईट वाटतं, पण तुझी काही योजना असेलच.' या 'पण'नंतर आपण देवाच्या वतीने स्वतःचीच समजूत काढायला लागतो आणि गाऱ्हाणं तिथेच संपतं. तक्रारीच्या त्या सात-आठ मिनिटांत 'पण' आला की थांबा, मागचं वाक्य पुन्हा म्हणा आणि पूर्णविराम द्या.

प्रश्न : मला देवाचा राग येतो. इतकी वर्षं सेवा केली आणि गरजेच्या वेळी कोणीच नाही. असा राग प्रार्थनेत बोलून दाखवणं पाप नाही का? रानात कुरकुर करणाऱ्या इस्राएल लोकांना शिक्षा झाली होती ना?

उत्तर : झाली होती. पण त्याच अध्यायात आणखीही काही घडलं आहे, ते सहसा सांगितलं जात नाही. गणना या पुस्तकाचा ११वा अध्याय काढा. लोक मांसासाठी रडतात, मिसरातल्या (इजिप्तमधल्या) काकड्या आणि खरबुजं आठवून उसासे टाकतात, आणि देवाचा कोप होतो. लगेच पुढे, ११ ते १५ या वचनांत, त्यांचा पुढारी मोशे बोलतो. त्याचे शब्द लोकांच्या शब्दांपेक्षा सौम्य मुळीच नाहीत. माझं असं वाईट का केलंस, या सगळ्यांना मी जन्म दिला का, हे ओझं मला एकट्याला झेपत नाही, असंच वागवायचं असेल तर मला मारून टाक. यावर देव काय करतो? त्याला ७० वडीलजन देतो, भार वाटून घ्यायला. एकटा पडलेल्या माणसाला माणसं देतो.

मग फरक कुठे पडला? शब्द दोघांचेही तिखट होते. लोक देवाविषयी आपापसात बोलत होते, तंबूच्या दारात बसून, मागे फिरण्याची भाषा करत. मोशे देवाशी बोलत होता, त्याच्यासमोर उभा राहून. कुरकुर आणि गाऱ्हाणं यातला भेद आम्हाला इथे दिसतो. कुरकुर देवाकडे पाठ करून होते.

सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचंही तसंच. तो देवाला कठोर प्रश्न विचारतो, जन्मदिवसाला शाप देतो. त्याचे मित्र मात्र देवाची बाजू घेऊन बोलत राहतात. शेवटी ४२:७ मध्ये (अध्याय ४२, वचन ७) देव कोणाला दोष देतो? मित्रांना. माझा सेवक ईयोब जसं बोलला तसं तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत, असं म्हणतो. यिर्मया संदेष्ट्याने तर तू मला फसवलंस असं म्हटलं (२०:७), आणि ते शब्द कोणी खोडले नाहीत.

तेव्हा राग बोलून दाखवा. फक्त तीन गोष्टी सांभाळा. देवालाच उद्देशून 'तू' म्हणून बोला, 'देव असाच असतो' असं तिऱ्हाइतासारखं नको. काय झालं म्हणून राग आहे ते नेमकं सांगा, कारण नुसता राग फिरून फिरून तिथेच येतो. आणि बोलून झाल्यावर लगेच उठून जाऊ नका, दोन मिनिटं तरी बसा. भांडून दार आपटून निघून गेलं तर समोरच्याचं काही ऐकायचं राहूनच जातं.

प्रश्न : मन शांत झालेलं नसताना 'आमेन' म्हणायचं का? ढोंग केल्यासारखं वाटतं.

उत्तर : म्हणा. 'आमेन' हा इब्री शब्द आहे आणि त्याच्या मुळाशी 'पक्कं', 'खरं' असा अर्थ आहे. मन शांत झाल्याची ती पावती नाही. तक्रारीनंतर आमेन म्हटलं म्हणजे 'मी हे बोलले ते खरं आहे' असं म्हटलं.

प्रश्न : एका ताईंच्या सांगण्यावरून मी प्रार्थनेची वही केली. रोज मनातलं सगळं लिहितो. पहिले आठ-दहा दिवस हलकं वाटलं. आता लिहून झाल्यावर मन आणखी जड होतं. रोज तेच ते लिहितो, कधी तासभर. लिहिणं सोडू का?

उत्तर : सोडू नका, पद्धत बदला. तुमच्या वहीत जे चाललं आहे त्याला उगाळणं म्हणतात. चंदन उगाळलं की वास तरी येतो, दुःख नुसतं उगाळलं की ते आणखी दाट होतं.

आधी वही उघडून मागची चार पानं वाचा आणि प्रत्येक वाक्य कोणाला उद्देशून आहे ते तपासा. 'मी', 'माझं', 'ते असं वागले' हेच शब्द पानभर असतील आणि 'तू' कुठेच नसेल, तर ती प्रार्थना राहिलेली नाही. तो स्वतःशीच चाललेला वाद आहे. असं नकळत होतं. पहिल्या ओळीत 'हे प्रभू' लिहिलेलं असतं आणि तिसऱ्या ओळीपासून प्रभू खोलीत नसतो. यावर साधा उपाय म्हणजे दर चार-पाच वाक्यांनी एक वाक्य 'तू'ने सुरू करायचं. 'तू हे पाहिलंस का?' 'तू काही बोलत का नाहीस?' कृत्रिम वाटलं तरी करा.

दुसरं, मर्यादा घाला. १५ ते २० मिनिटं किंवा वहीचं एक पान, यातलं जे आधी संपेल ते. घड्याळ लावा. वाक्य अर्धं असेल तर अर्धंच राहू द्या, उद्या तिथून पुढे. विलापगीताच्या पुस्तकाकडे यासाठी मुद्दाम बघण्यासारखं आहे. यरुशलेम उद्ध्वस्त झाल्यावरचा तो आक्रोश आहे, पण त्याचे पहिले चार अध्याय इब्री वर्णमालेच्या २२ अक्षरांवर बांधलेले आहेत. तिसऱ्या अध्यायात प्रत्येक अक्षराला तीन वचनं, म्हणून ती ६६ झाली. एवढं मोठं दुःख, आणि तरी ते ठरावीक बांधणीत बसवलं आहे. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सगळं म्हणायचं, आणि शेवटचं अक्षर आलं की थांबायचं. तुमच्या वहीलाही असा काठ हवा. पाचव्या अध्यायात अक्षरांचा तो क्रम सुटतो, पण वचनं तेवढीच, २२, राहतात.

तिसरं, तक्रारीनंतर मागणं लिहिल्याशिवाय वही मिटू नका. तुम्ही पाठवलेल्या नमुन्याच्या दोन पानांत मागणं एकही नव्हतं. जोवर मागणं नाही तोवर मन त्याच जागी घिरट्या घालत राहतं, कारण पुढे जायला वाटच दिलेली नसते. दोन ओळींचं मागणं पुरे.

आणि रोज तीच गोष्ट येते याचा फार बाऊ करू नका. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा एकच गाऱ्हाणं जवळजवळ त्याच शब्दांत दोनदा सांगतो, दहाव्या आणि चौदाव्या वचनात: मीच एकटा उरलो आहे. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूने तिसऱ्या खेपेलाही तेच शब्द बोलून प्रार्थना केली, असं मत्तय २६:४४ मध्ये लिहिलेलं आहे. तीच गोष्ट पुन्हा येणं हा दोष नव्हे. प्रत्येक खेपेला ती देवाकडे जाते की आपल्याकडेच परत येते, एवढं पाहायचं. आठवड्यातून दोन दिवस वही न उघडता नुसतं स्तोत्र वाचलं तर जास्त बरं.

वही कुठे ठेवता हाही प्रश्न आहे. कोणी वाचेल अशी धास्ती असेल तर हात आपोआप सावध लिहितो. कुलपात ठेवा, किंवा सुट्या कागदावर लिहून झाल्यावर फाडून टाका. देवाने ऐकलेलं कागदावर टिकायलाच हवं असं नाही.

प्रश्न : माझं घर माणसांनी भरलेलं आहे, पती प्रेमळ आहेत. तरी आतून फार एकटं वाटतं. प्रार्थनेला बसलं की शब्दच येत नाहीत, नुसतं रडू येतं. तक्रार करायची तर लाज वाटते, लोक म्हणतील हिला कशाची कमी आहे.

उत्तर : १ शमुवेलचा पहिला अध्याय तुमच्यासाठी आहे. हन्नाला मूल नव्हतं. तिचा नवरा तिच्यावर प्रेम करत होता, तिला ताटातला मोठा वाटा देत होता. तिचं रडणं पाहून तो म्हणतो, मी तुला दहा मुलांपेक्षा अधिक नाही का? मनात प्रेम होतं, तरी त्या प्रश्नाने तिचं दुःख झाकलंच गेलं. ती मंदिरात गेली. तिथे तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता, आणि याजक एलीला वाटलं ती प्यालेली आहे. म्हणजे घरातल्याला कळलं नाही आणि धर्मगुरूलाही कळलं नाही. तिने उत्तर दिलं, मी परमेश्वरापुढे आपलं मन मोकळं करत होते.

त्यानंतरचं अठरावं वचन सावकाश वाचा. ती गेली, जेवली, आणि तिचा चेहरा उदास राहिला नाही. मूल अजून झालेलं नव्हतं. बाहेर काहीही बदललेलं नव्हतं.

रडणं ही पूर्ण प्रार्थना आहे, तिला शब्दांची जोड मिळालीच पाहिजे असं नाही. रोमकरांस पत्र ८:२६ मध्ये पौल स्पष्ट म्हणतो की काय मागावं ते आपल्याला कळत नाही, तेव्हा पवित्र आत्मा शब्दांत न मावणाऱ्या उसाशांनी आपल्यासाठी विनंती करतो. तरी एक काळजी घ्या. रडताना श्वास वर अडकतो, डोकं दुखायला लागतं, आणि मग प्रार्थनेचीच भीती बसते. पाय जमिनीला टेकवून बसा. श्वास घेताना 'प्रभू', सोडताना 'मी इथे आहे'. असं दहा-बारा वेळा. रडू ओसरलं की एकच वाक्य म्हणा, 'हे रडू कशाचं आहे ते मला दाखव', आणि पाणी पिऊन कामाला लागा. उत्तर त्याच बैठकीत मिळेल असं नाही. बऱ्याचदा ते दोन दिवसांनी, हातात भलतंच काम असताना सुचतं.

प्रश्न : प्रार्थनासभेत मन मोकळं केलं तर लगेच 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' असं वचन ऐकवतात. आता मी गप्पच बसतो.

उत्तर : वचन खरं आहे, वेळ चुकते आहे. ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याबरोबर जमिनीवर बसले, एक शब्दही बोलले नाहीत (२:१३). तेवढे सात दिवस त्यांनी योग्य तेच केलं. बिघडलं ते बोलायला लागल्यावर.

सभेत सगळं सांगण्याचा हट्ट धरू नका. एक माणूस निवडा, जो ऐकताना मध्ये बोलत नाही असा, आणि आधीच सांगा: 'मला सल्ला नको, दहा मिनिटं ऐका आणि शेवटी माझ्यासाठी एका वाक्याची प्रार्थना करा.' काय हवं ते न सांगता दुःख सांगितलं की समोरचा घाबरून वचनाचा आधार घेतो. गेथशेमानेत येशूनेही तिघांना निवडून सोबत नेलं, माझा जीव अतिशय खिन्न आहे असं त्यांना सरळ सांगितलं आणि एकच मागितलं, माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपले हे खरं. तरी त्याने मागायचं टाळलं नाही.

प्रश्न : ज्या भावाने मला घरातून तोडलं त्याचं वाईट व्हावं असं वाटतं. हे देवापुढे कसं आणू?

उत्तर : जसं आहे तसं. स्तोत्र १०९ वाचलंत तर तुमचे शब्द त्यापुढे मवाळ वाटतील. स्तोत्र ५५ मध्ये दुखावणारा शत्रू नाही, जिवलग मित्रच आहे, आणि लिहिणारा म्हणतो शत्रूचं मी सोसलं असतं. तीन गोष्टी वेगळ्या करून सांगा: काय घडलं, त्याने माझं काय गेलं, आणि आता मला काय व्हावंसं वाटतं. दुसरी सगळ्यात महत्त्वाची, कारण सूडाच्या खाली बहुतेक वेळा तोच शोक असतो. आईच्या शेवटच्या दिवसांत तिच्याजवळ बसायला मिळालं नाही, असं काहीतरी. तिसरी सांगून झाली की 'हे मी तुझ्या हातात देतो, माझ्या हातात ठेवत नाही' असं म्हणा. उद्या ते परत हातात आलेलं असेल, तेव्हा परत द्या. वैऱ्यासाठी प्रार्थना करण्याची आज्ञा आहेच, पण ती पहिल्याच दिवशी जमली नाही म्हणून प्रार्थनाच बंद करू नका. आणि कोणी आजही मारत, धमकावत असेल तर आधी तिथून बाहेर पडून सुरक्षित जागी जा. क्षमेचा प्रश्न त्यानंतर.

प्रश्न : रात्री दोन-तीनला जाग येते आणि एकटेपणा अंगावर येतो. तेव्हा प्रार्थना करायला घेतली तर विचार आणखी वाढतात.

उत्तर : त्या वेळी लांब प्रार्थना करू नका. रात्री सगळ्या गोष्टी दुप्पट मोठ्या दिसतात, हिशेब मांडायची ती वेळ नव्हे. स्तोत्र ७७ लिहिणाऱ्यालाही झोप नव्हती. तू माझे डोळे मिटू देत नाहीस, मी इतका व्याकूळ आहे की बोलवत नाही, असं तो म्हणतो. उशाशी एक कागद ठेवा, त्यावर निजण्यापूर्वीच एक वचन मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. फोनवर शोधायला गेलात की झोप गेलीच. जाग आली की ते वचन तीनदा म्हणा, जे सतावतं आहे त्याचा एक शब्द त्याच कागदावर लिहा आणि देवाला सांगा, 'सकाळी यावर बोलू.' सकाळी मात्र खरंच बोला. वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठून खुर्चीत बसा.

प्रश्न : वर्ष झालं, रोज खरं खरं सांगतो आहे. काही बदललं नाही. देव गप्प आहे. कधीकधी वाटतं, नकोच हे जगणं.

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. जगणं नको वाटतं हे आजच, हा अंक खाली ठेवून, एका जिवंत माणसाला सांगा. घरातलं कोणी, पाळक, मित्र, डॉक्टर, संकटात बोलण्यासाठीची हेल्पलाइन, जे आधी सापडेल ते. ते विचार रोज येत असतील, कसं करायचं तेही मनात येत असेल, तर एकटे राहू नका आणि लगेच रुग्णालयात जा. झोप, भूक, कामातलं लक्ष दोन आठवड्यांहून जास्त काळ बिघडलेलं असेल तर ते नैराश्य असू शकतं. त्याला औषधोपचार आहेत. उपचार घेणं म्हणजे प्रार्थना कमी पडली असं नव्हे.

एलीयाने झुडपाखाली बसून मरण मागितलं, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. गाऱ्हाणं त्याने नंतर मांडलं, ४० दिवस चालून डोंगरावर गेल्यावर. मीच एकटा उरलो, या त्याच्या म्हणण्यावर देवाने शेवटी सांगितलं की इस्राएलात ७,००० आणखी आहेत. सोबतीला अलीशा नावाचा माणूसही दिला. हा क्रम लक्षात ठेवा: आधी झोप आणि अन्न, मग ऐकून घेणं, मग माणसं. एकटेपणाच्या प्रार्थनेचं उत्तर देव बऱ्याचदा माणसाच्या रूपात देतो, म्हणून कोणी दार वाजवलं तर उघडा, त्या दिवशी बोलायची इच्छा नसली तरी.

देवाच्या गप्प राहण्याबद्दल आम्ही तुम्हाला सोपं उत्तर देणार नाही. स्तोत्र ८८ चा शेवट अंधारावर होतो. विश्वासाचं वाक्य तिथे शेवटी येत नाही, आणि तरी ते शास्त्रात आहे. त्यात तीन वेळा म्हटलं आहे की मी हाक मारतो: रात्रंदिवस, रोज, सकाळी. तुमचं वर्षभराचं बोलणं त्याच जातीचं आहे. सध्या नवीन शब्द शोधू नका, हेच स्तोत्र आपलं म्हणून वाचा आणि तिथेच थांबा.

प्रश्न : रोज म्हणायला दोन-चार स्तोत्रं सुचवाल का?

उत्तर : सुरुवात १४२ ने करा. सात वचनं आहेत. दावीद गुहेत असतानाची ही प्रार्थना, असं तिच्या शीर्षकात आहे. मी आपलं गाऱ्हाणं त्याच्यापुढे मांडतो, उजवीकडे पाहतो तर मला ओळखणारं कोणी नाही, माझ्या जिवाची कोणाला पर्वा नाही, इतकं सरळ. शेवटच्या वचनात तो म्हणतो की नीतिमान लोक माझ्याभोवती जमतील. सकाळी हे एकच, आठवडाभर. दुसऱ्या आठवड्यात ४२ आणि ४३ एकत्र वाचा, कारण 'हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास' हे पालुपद दोन्हींत मिळून तीनदा येतं आणि स्वतःशी कसं बोलावं ते त्यात कळतं. फार थकलेल्या दिवशी २५ चं सोळावं वचन तेवढं पुरे: माझ्याकडे वळ, मी एकटा आणि दीन आहे. १०२ लांब आहे, ते सुट्टीच्या दिवसासाठी ठेवा. त्यात छपरावर एकटी बसलेली चिमणी आहे. तिथवर आलात की थांबून तुमची स्वतःची दोन वाक्यं म्हणा, मग पुढे वाचा.